ओढ्यापलीकडचं तरस

प्लेग आला त्या साली आमचं अख्खं गाव घरं सोडून रानात राहायला गेलं. नेकनूरच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला आमचं शेत होतं. तिथं ह्यांनी कपाशीच्या पळाट्यांचा कूड घालून खोपट उभं केलं. दारासमोर ओढा, ओढ्यापलीकडं खडकांचा उतार. मी तेव्हा सतरा-अठराची असेन. तीन महिन्यांची लेक कडेवर घेऊन मी त्या खोपटात शिरले, आणि बाराव्या दिवशी ती तापानं गेली. तान्ह्या लेकराला अग्नी देत नाहीत. ह्यांनी तिला ओढ्यापलीकडं पळसाखाली पुरलं आणि वर दगड रचले.

मग मला काही काम सुचेना. दारात बसून समोर बघत राहायची. सकाळी मोर ज्वारीत उतरत. दुपारी हरणं पाण्यावर येत. माणसं पांगली तशी जनावरं निर्धास्त झाली होती.

एका संध्याकाळी पळसाजवळ काहीतरी हललं. पुढून उंच, मागून बसकं, अंगावर काळे पट्टे. तरस होतं. दगडांपाशी थांबून त्यानं हुंगलं आणि वर खडकात निघून गेलं. मी किंचाळले तसे हे धावत आले.

“दगड लई जड हायेत. म्या सोता रचलेत.”

“जाऊन बघा की एकदा.”

“अंधार पडलाय. उजाडू दे.”

उजाडताच ते काठी घेऊन गेले. बऱ्याच वेळानं परतले. म्हणाले, “जशाला तसं हाय.”

त्यानंतर मी रोज त्या जनावराची वाट बघू लागले. ते रोज दिवेलागणीच्या आधी निघायचं, आणि पहाटे मेल्या ढोराचं हाड तोंडात धरून परत यायचं. आठ-दहा दिवसांनी ते खडकातल्या एका कपारीपुढं आडवं झालेलं दिसलं. आतून दोन पिलं धडपडत बाहेर आली आणि त्याच्या पोटाला भिडली. ती मादी होती. एवढ्या लांबून पिलांची तोंडं काही दिसत नव्हती, पण माझी चोळी ओली झाली. लेक जाऊन महिना होत आला होता. मी पदर घट्ट ओढून आत जाऊन बसले. माझीच मला भीती वाटली.

तरी दुसऱ्या दिवशी मी पुन्हा दारात होते.

मग एका सकाळी पलीकडच्या वस्तीवरचा धनगर तिघा गड्यांना घेऊन आला. त्यांच्या हातात कुऱ्हाडी आणि वाळल्या गवताचे भारे होते.

“वैनी, तरसानं माझं करडू नेलं. कपारीत धूर कोंडायचाय. तुमी दिसभर हितं बसता, कुठं शिरतंय ते दिसलं का?”

“न्हाई,” मी म्हणाले. “म्या काय बी पाहिलं न्हाई.”

दुपारपर्यंत ते भलतीकडंच हिंडले आणि निघून गेले. उन्हाळ्याच्या तोंडाला आम्ही गावात परतलो.

पुढं मला तीन मुलं झाली. तरी दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी त्या दगडांवर दूधभात ठेवून यायची. हे सोबत यायचे, लांब उभे राहायचे. अशी कितीतरी वर्षं गेली. एका आखाजीला हे अंथरुणाला खिळलेले होते. मी वाटी भरून एकटीच निघाले, तर त्यांनी हात धरला.

“नको जाऊ. तिथं काय बी न्हाई.”

“म्हंजी?”

“त्या सकाळी काठी घेऊन गेलतो तवा दगड बाजूला पडले होते. खड्डा रिकामा होता. म्या माती लोटली, दगड परत रचले.”

“मला कावून सांगितलं न्हाई?”

“तू जगली नसतीस.”

मी वाटी खाली ठेवली. एवढी वर्षं मी त्यांनाही एक गोष्ट सांगितली नव्हती. ती तेव्हा सांगितली: त्या मादीची कपार मला ठाऊक होती, पिलांपायी मी धनगराशी खोटं बोलले. हे डोळे मिटून ऐकत होते. ऐकून झाल्यावरही त्यांनी माझा हात सोडला नाही. सून जेवायला हाक मारत होती. तिला ओ द्यावी असं दोघांनाही वाटलं नाही.