इंगाबाईची ओटी

माझी मोठी जाऊ सोनूबाई म्हणजे एक नंबरची हट्टी बाई. मी तिच्याशी तीस वर्षं भांडले आहे, म्हणून हक्कानं सांगते. ऐन तारुण्यात विधवा झाली, पदरी मूल नाही; पण वडीगोद्रीत कुठली बाई अडली की आधी आमचं दार वाजायचं. अर्ध्या गावाची नाळ तिनंच कापलेली. आणि बाराव्या दिवशी त्याच घरी बारशाला गेली की ओटी भरायच्या वेळी हीच बाई उठून मागच्या दारी जाऊन बसायची. विधवेनं ओटी भरू नये, अशी रीत. तिला कुणी जा म्हणायचं नाही, ती आपणहून जायची. मला ते दिसायचं, पण रीत ती रीत, असंच माझंही तेव्हा मत होतं.

पंचावन्न साली सुईणींना शिकवायला डेन्मार्कहून इंगा नावाची नर्स आली. तिला राहायला आमच्याच घरातली पुढची खोली दिली. पोरगी इतकी उंच की पहिल्याच दिवशी चौकटीवर कपाळ आपटून घेतलं आणि सोनूबाईनं टेंगळावर हळद लावली. ओळख झाली ती अशी. मग महिनाभर दोघींचं जोरात वाजलं. इंगा म्हणायची, नाळ कापायचं पातं उकळून घ्या, नखं कापा. सोनूबाई म्हणायची, "माझ्या हातानं तीनशे लेकरं झाली, तवा कुठं गेल्ती गं तू?"

पण हट्टी माणसाला हट्टी माणूस भेटलं की गट्टी जमते. सहा महिन्यांत सोनूबाई मुकाट्यानं पातं उकळायला लागली आणि इंगा ठेच्याबरोबर ज्वारीची भाकरी चापायला लागली. मराठीही ती सोनूबाईचीच बोलायची, शिव्यांसकट. तिला 'आई' कधीपासून म्हणायला लागली, ते आम्हाला कळलंसुद्धा नाही.

सत्तावन्न सालच्या दसऱ्यानंतर इंगाची मुदत संपली. जालन्याहून रेल्वे, मुंबईहून बोट आणि मग तिचा देश. सोनूबाईनं अंबडच्या बाजारातून हिरवं लुगडं, खण, नारळ असं सगळं आणलं. लेक घरातून निघाली की ओटी भरून पाठवायची, मोकळ्या पदरानं नाही. सगळं माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "दुर्गे, तू भर. मी आत बसते." तिचा आवाज इतका पडलेला मी कधी ऐकला नव्हता. लेकीची पाठवणी, आणि आईनं आत बसायचं! मला फार वाईट वाटलं. तरी मी हो म्हणाले.

निघायच्या दिवशी लुगडं नेसवायला आम्ही तिघी लागलो, तरी इंगाचे घोटे उघडेच. तिला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, मी ओंजळीत गहू घेतले, तर ही पदरच पसरीना.

"आई कुठंय?"

"आत हायेत. जल्दी कर, मोटार येऊन राह्यली."

"मंग मी न्हाई घेत. आईनं भरली तर घेईन, न्हाई तर तशीच जाते."

आमची चुलत सासू चतुराबाई दाराशी बसली होती. ती कडाडली, "आगं, सोनूला भरता येत न्हाई. आन् खरं म्हंजी तुझी बी भरता येत न्हाई. लगीन कुठं झालंय तुझं? ओटी सवाष्णीची भरत्यात."

बाहेर मोटारीचा भोंगा वाजला. ड्रायव्हर कारभारी सोनूबाईच्याच हातचं लेकरू, त्यामुळे तो भोंगा वाजवत होता पण हलत नव्हता. इंगाचे डोळे भरून आले. आणि मला, ओंजळीत गहू धरल्या धरल्या, एकदम हसू फुटलं.

"आत्याबाई," मी म्हणाले, "हिची भरायची रीत न्हाई. जाऊबाईंनी भरायची बी रीत न्हाई. मंग ही रीतीतली ओटीच न्हाई, तर रीत मोडंल कशी?"

"हे बिलकुल बराबर न्हाई," चतुराबाई म्हणाली, "पन काय बराबर न्हाई ते आता सुचून न्हाई राह्यलं. भरा जल्दी, मोटार जाईल."

सोनूबाई बाहेर आली. तीनशे लेकरं झेललेले ते हात इतक्या वर्षांनी ओटीच्या गव्हात गेले. पण चुकली नाही कुठे. पाच ओंजळी, खण, नारळ, सगळं बिनचूक केलं.

ओटी घेणारीनं त्यातले चार दाणे परत ताटात टाकायचे असतात. इंगानं हे पाहिलेलं, पण अर्धवट. तिनं चांगले मूठभर गहू घेतले आणि ताट सोडून सोनूबाईचाच पदर ओढून त्यात घातले. 'ताटात गं, ताटात,' असं मी म्हणणार होते, पण गिळलं. अठ्ठावीस वर्षांत त्या पदरात कुणी काही घातलं नव्हतं.

"येडी हाये पोरगी," एवढंच सोनूबाई म्हणाली आणि तोच पदर मुठीत घट्ट धरून मोटारीपर्यंत गेली.

ते गहू तिनं दळले नाहीत. एका डबीत ठेवले. महिन्याभरानं कारभारीच्या पोराचं बारसं होतं, तेव्हा ती डबी मी गुपचूप बरोबर घेतली. ओटीची वेळ झाली, सोनूबाई सवयीनं उठायला लागली. मी तिचा पदर धरून तिला खाली बसवलं, डबी ताटात उपडी केली आणि ताट तिच्या पुढ्यात सरकवलं.

"आगं दुर्गे, रीत..."

"भरा बाई," मी म्हणाले, "गहू इंगाचे हायेत."