वांग, वांगी आणि माझ्या जाऊबाई

अख्ख्या अमळनेरात जिच्यावर जळावं अशी एकच बाई होती, आणि ती आमच्याच स्वयंपाकघरात भाकरी थापत होती: माझ्या थोरल्या जाऊबाई. जळगावहून लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हापासून त्यांचा तो नितळ चेहरा मला रोज सकाळी चहाबरोबर गिळावा लागे. त्यात एका वर्षी आम्हा दोघींना एकदमच दिवस राहिले. त्यांची ही तिसरी खेप, माझी पहिली. पाचव्या महिन्यात त्यांच्या गालांवर असं तेज चढलं की बायका दारात थबकून बघत. माझ्या मात्र कपाळावर, गालांवर, ओठांच्या वर तपकिरी डाग उमटले. मान काळवंडली, बेंबीखाली काळी रेघ उतरली, पोटावर वळ आले ते वेगळेच. शेजारणी त्यांच्याकडे बघून हसत आणि मला विचारत, "दूध पितेस ना गं वेळेवर?" राग मात्र मला जाऊबाईंचाच येई.

जाऊबाईंचं माहेर शिंदखेड्याकडच्या खेड्यातलं. कुठल्याही दुखण्याचं कारण त्यांना त्याच्या नावातच सापडे. गल्लीत गोवर आला की त्या गोवऱ्यांना हात लावत नसत, चूल लाकडांवर पेटे. खरूज निघालेल्या पोराला खरबूज बंद. शेजारच्या आबांना कावीळ झाली, तेव्हा त्यांच्या अंगणात कावळा उतरू नये म्हणून जाऊबाई हातात काठी घेऊन दुपारभर बसल्या होत्या. आबा बरे झाले, त्यामुळे पुढे कुणाला बोलायला जागाच राहिली नाही. माझ्या तोंडावरचे डाग बघून त्यांनी एका क्षणात निदान केलं. हा वांग, आणि वांग येतो तो वांग्यानं.

आता थंडीच्या दिवसांत खानदेशात वांगी बंद करणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळणार नाही. शेताशेतांतून कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली जात होती, भरिताचे डबे घरोघर फिरत होते, आणि मी दुधीभोपळा खात होते. जाऊबाईंनी स्वतःही वांगं सोडल्याचं जाहीर केलं. आपलं रूप सांभाळतेय बया, असं मी मनात म्हटलं.

एवढ्यावर न थांबता त्यांनी माझ्या गालांवर लिंबू चोळलं. कातडी लाल होऊन सोलवटली, तेव्हा मला डॉक्टरीणबाईंकडे नेलं तेही त्यांनीच. बाई पुण्याच्या. त्यांनी समजावून सांगितलं की गरोदरपणात शरीरात जे बदल होतात त्यांमुळे हे डाग येतात, वांग्याचा काही संबंध नाही. उन्हानं ते गडद होतात, म्हणून छत्री आणि पदर घ्यायचा. लिंबू, सोडा, गोरं करणारी मलमं यांतलं काही लावायचं नाही. बाळंतपणानंतर डाग हळूहळू फिके पडतात, पोटावरचे वळ पुरते जात नाहीत पण पांढुरके होतात. खाजेला कोमट पाणी, खोबरेल आणि सुती कपडे. मात्र तळहात-तळपाय फार खाजायला लागले तर न थांबता दाखवायला यायचं. टांग्यात बसल्यावर जाऊबाई म्हणाल्या, पुण्याची वांगी एवढी एवढीशी असतात, त्यांच्यानं काय वांग येणार, बाईंना अनुभवच नाही.

पण छत्री त्यांनी मनावर घेतली. मी दोरीवर कपडे वाळत घालायला निघाले की त्या मागून छत्री धरून चालत. संध्याकाळी माझ्या पोटाला खोबरेल लावत, आणि मी खाली वाकलेल्या त्यांच्या गालाकडे बघत जळत राही.

आणि एका दुपारी परसातून भाजल्या वांग्याचा वास आला. गाईच्या गोठ्यामागे जाऊबाई भाकरीवर भरिताचा ढीग घेऊन बसल्या होत्या. माझा संताप उसळला. मला भोपळा खाऊ घालता आणि स्वतः इथे लपून हे, असं मी विचारलं. त्यांनी घास खाली ठेवला.

"तुले वांग उना, माले नही," त्या म्हणाल्या. "दोन्ही खेपांना माझं तोंड असंच साफ होतं. दोन्ही पोरी झाल्या. वांग येईल तिला पोऱ्या, असं म्हणतात. तुझ्या तोंडाकडे बघून मला रात्रीची झोप नही. वाटलं, तुझा वांग जाईल, अन् मला येईल."

सासूबाई 'या खेपेला तरी' म्हणून वाक्य अर्धवट सोडत, ते माझ्या कानावर रोज येई. ते कुणासाठी आहे हे मला त्या गोठ्यामागे कळलं. मी शेजारी बसले आणि त्यांच्याच भाकरीतली अर्धी मोडून घेतली.

आधी त्यांची सुटका झाली. मुलगी. सासूबाई बाळाकडे न बघताच परत आल्या. थोड्याच दिवसांनी मलाही मुलगी झाली. ओली बाळंतीण असून जाऊबाई डोक्याला फडकं बांधून दवाखान्यात हजर. माझ्या मुलीला त्यांनी उचललं, तिचं तोंड निरखून पाहिलं आणि माझ्याकडे वळल्या.

"खरं सांगू? तुले पोऱ्या झाला असता ना, तर मी आलीच नसती."

मी हसले. त्यांना मुलगा झाला असता तर मीही गेले नसते, आणि हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. माझे डाग वर्षभरात बरेच फिके पडले, ते घालवल्याचं श्रेय अर्थात त्यांनी डॉक्टरीणबाईंना दिलं नाही. पुढे घरं वेगळी झाली, जाऊबाई धुळ्याला गेल्या. नवीन गल्लीत मला भल्या शेजारणी मिळाल्या, अगदी प्रेमळ. पण माझ्यावर इतकं मनापासून जळणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.