जवळचे दोन नंबर

केजमध्ये मोबाइल कंपन्या आल्या त्या छत्र्या घेऊन. एसटी स्टँडसमोर रंगीत छत्री, तिच्याखाली प्लॅस्टिकचं टेबल आणि टेबलामागे टाय लावलेला, घामानं भिजलेला माणूस. ज्या गावात साध्या टेलिफोनसाठी अर्ज करून लोकांच्या दाढ्या पांढऱ्या झाल्या, तिथं आता माणसं रस्त्यात अडवून फोन घ्या म्हणत होती. इतक्या मानाची सवय नसल्यामुळे गाव बिथरलं. जो तो प्लॅनवर बोलू लागला. ज्याला स्वतःच्या सातबाऱ्यावरची नावं धड सांगता येत नव्हती, तो चौकात उभा राहून पल्स रेट समजावून सांगायचा. 'रोमिंग' या शब्दाचे आमच्या पानटपरीवर तीन अर्थ प्रचलित होते आणि तिन्ही चूक होते.

आमचं कापडाचं दुकान. आप्पा, म्हणजे माझे वडील, गादीवर बसत. मी शाळेत मास्तर, सुटीच्या दिवशी दुकानात. दुकानातला जुना फोन रस्ता खोदताना जो गेला तो गेलाच होता. म्हणून मोबाइल घ्यायचं ठरलं, आणि कोणत्या कंपनीचा घ्यायचा यावर आठवडाभर बैठका झाल्या. एखाद्या गिऱ्हाइकानं लुगडं निवडायला एवढा वेळ लावला असता तर आप्पांनी त्याला हाताला धरून पायरी उतरवली असती.

फोन नेमका कशासाठी हवा हे घरात एकाच माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस बैठकीत नव्हतं. माझी धाकटी बहीण, धाकटी असूनही घरात सगळ्यांची ताई, त्या उन्हाळ्यात धर्मापुरीला दिली होती. दिवाळीला चार दिवस आली ती वाळून आली. काही विचारलं की नुसती हसायची. ती परत गेल्यावर आईला घास गोड लागेना. ताईच्या सासऱ्यांकडे मोबाइल होता. आप्पांना ताट वाढताना आई एकदाच म्हणाली, "धर्मापुरीत ज्या कंपनीचा लागतुय, त्योच घ्या. पोरीचा आवाज तरी ऐकाया मिळंल."

"बघू," आप्पा म्हणाले. आमच्या घरात 'बघू' म्हणजे विषय संपला.

कंपनी ठरली ती काकांमुळे. काका म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ, दुकानात दिवसाकाठी तीन वेळा चहा पिणारे. तालुक्यातले एक पुढारी होते, त्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत. साहेब कोणत्या कंपनीचा नंबर वापरतात ही माहिती काकांनी मोठ्या कष्टानं मिळवून आणली. मी दरपत्रक वाचून दाखवायला लागलो तेव्हा ते माझ्यावरच उखडले. "साहेबाकडं ह्योच हाय म्हणल्यावर दर कशाला बघतो रं? साहेब काय येडे हायेत का?" साहेबांचं बिल साहेब भरत नसावेत, ही शंका मी मनातच ठेवली. योगायोगानं धर्मापुरीतही तीच कंपनी चालत होती. आईचं ऐकलं असं मात्र कोणी म्हणू नये.

त्या प्लॅनमध्ये एक खास योजना होती. फॉर्मच्या तळाशी दोन चौकोन होते आणि वर छापलं होतं, 'आपले जवळचे दोन नंबर'. या दोन नंबरांवर बोलणं जवळजवळ फुकट. फॉर्म भरायला मी बसलो, कारण माझं अक्षर चांगलं.

पहिल्या चौकोनात साहेबांचा नंबर गेला. आप्पांनी तो तोंडपाठ सांगितला. साहेब आणि आप्पा जवळचे होते, म्हणजे लिंबागणेशला एका लग्नात साहेबांनी गर्दीतून जाता जाता आप्पांच्या दंडावर थाप मारून "काय शेठ" म्हटलं होतं. ती थाप आप्पा पुढं दोन वर्षं वापरत होते.

"दुसरा ताईच्या सासऱ्याचा टाकू का?" मी विचारलं.

आप्पांनी चष्मा काढला. "लेकीच्या घरचं पानी पीत न्हाई आमी. आन् तिच्या सासऱ्याचा नंबर फुकटात लिवायचा? पोरीकडल्यांनी सारखा फोन करायचा नसतुय. त्येंनी केला तर उचलायचा."

लेकीच्या घरी अन्नपाणी घ्यायचं नाही ही रूढी आमच्याकडे जुनी. आप्पांनी ती टेलिफोनला जोडून दिली. कंपनीनं योजना काढताना हा मुद्दा विचारात घेतला नसावा.

"मग दुसरा?"

"टाक तुझा एखादा," असं म्हणून ते गिऱ्हाइकाकडे वळले.

आप्पांवर हसणं सोपं आहे. चौकोन माझ्या हातात होता, पेन माझ्या हातात होतं, आणि मी काय लिहितोय ते आप्पा पुन्हा बघणारही नव्हते. मी अंबाजोगाईच्या एका मित्राचा नंबर लिहिला. तोही मास्तर. कोणाची बदली कुठं झाली आणि ती कोणी करवली, यावर आम्ही तासन् तास बोलायचो. सुवाच्य अक्षरात लिहिला आणि खाली सही घेतली.

मग आप्पांचं मोबाइलयुग सुरू झालं. ते रोज सकाळी दुकानाच्या पायरीवर उभे राहून, बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात साहेबांना फोन लावत. साहेबांचा पीए उचलायचा. "साहेब मीटिंगमध्ये आहेत." आप्पा त्या पीएला शेतीची हालहवाल, बाजारभाव, पावसाचा अंदाज असं सगळं सांगत आणि फोन ठेवून आम्हाला म्हणत, "बोलणं झालं." निवडणूक आली तसा साहेबांनी पक्ष बदलला, पाठोपाठ नंबरही बदलला. नवा नंबर ज्यांना द्यायचा होता त्यांना दिला असणार. आप्पा जुनाच फिरवत राहिले. आपण फिरवलेला क्रमांक अस्तित्वात नाही असं एक बाई तिकडून सांगायची. ते आप्पा शेवटपर्यंत ऐकून घेत. "लई अदबीनं बोलती पन," ते म्हणाले.

असं होता होता श्रावण आला. पंचमीला लेकी माहेरी येतात. ताईला सासरच्यांनी पाठवलं नाही. निरोप तेवढा आला, की कामं आहेत.

त्यानंतरच्या सोमवारी शाळा लवकर सुटली. महादेवाच्या देवळावरून घरी येताना बेल-फुलं विकणाऱ्या बाईच्या खोक्याला टांगलेल्या कॉइन बॉक्ससमोर मला आई दिसली. एका हातात पूजेचं ताट. दुसऱ्या हातानं तिनं नाणं टाकलं आणि बटणं दाबली. मी मागंच थांबलो.

"बरी हायस का?" आई म्हणाली. "जेवलीस का? आवाज असा का येतुय गं? ... बरं. बरं. ठिव, ठिव." नाणं संपायच्या आत तिनं रिसीव्हर अडकवला, ताटावरचा पदर सारखा केला आणि घराच्या वाटेला लागली. तिनं मला पाहिलं नाही.

"काकू दर सोमवारी येतेत मास्तर," बेलवाली म्हणाली. "दिवाळीपसून. घरचा फोन बिघडलाय का तुमचा?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्याबरोबर मी छत्रीवाल्याकडे गेलो. एव्हाना त्याची छत्री जाऊन शटरचं दुकान झालं होतं. जवळचे नंबर बदलायचेत, म्हणालो.

"कोणता काढू?"

"दोन्ही काढा."

"आणि टाकू कोणता? सांगा."

मला बहिणीचा नंबर माहीत नव्हता. त्याच्या फोनवरून आप्पांना विचारलं. "पाठ न्हाई बा," ते म्हणाले, "मोबाइलमधी आसंल, बघ येऊन." दुकानात जाऊन त्यांचा मोबाइल चाळला. साहेब होते, साहेबांचे पीए होते, बँकेचे मॅनेजर, गॅस एजन्सी, सोलापूरचे दोन व्यापारी, माझा अंबाजोगाईचा मित्र. एवढा गोतावळा आणि त्यात पोटची पोर नव्हती.

मोबाइल घेऊन घरी आलो. आई भाकरी थापत होती. तिला मी ताईचा नंबर विचारला.

"मला कुठं आकडे येतेत?" ती म्हणाली. "आन हिकडं."

पिठाचा हात पदराला पुसून तिनं मोबाइल घेतला. बटणांची जागा तिला पाठ होती. हे मधलं, हे त्याच्या खालचं, हे कडंचं, असं ओठांत पुटपुटत तिनं न अडखळता दहा बटणं दाबली. पडद्यावर नंबर उमटला. मला तो नुसता कागदावर उतरवून घ्यायचा होता, पण मी हिरवं बटण दाबलं.

सासऱ्यांनी उचलला. मी कोण ते सांगितल्यावर त्यांचा आवाज एकदम खाली आला. "देतो, सूनबाईला देतो." कोणीतरी धावत आल्याचं ऐकू आलं.

"दादा?" ताईला धाप लागली होती. "कोन गेलं?"

"आँ?"

"आज मंगळवार हाय. आन् घरचा फोन. आईला काय झालं? खरं सांग दादा."

"कुनाला काय झालं न्हाई गं. सहज केला."

"सहज कधी केलता रे तू?" तिनं विचारलं.

आई शेजारीच उभी होती. मी फोन तिच्या हातात दिला.