मंगळवार-गुरुवारची सुई

माझ्या अडीच वर्षांच्या मुलीला भेटायला माकणीहून जीप भरून माणसं आली, तेव्हा तिला काहीही झालेलं नव्हतं.

हे आधीच सांगून टाकतो. कारण त्या दिवसापासून आमच्या नातेवाइकांत या प्रकरणाचे निरनिराळे प्रकार ऐकायला मिळतात आणि प्रत्येकात गुन्हेगार मीच असतो. (आहे मीच. पण बाकीच्यांनी काहीच केलं नाही, असं कसं म्हणता येईल?)

नोव्हेंबरमध्ये माझ्या बायकोला, म्हणजे सुवर्णाला, धाराशिवमध्येच रक्त तपासणीच्या एका लॅबमध्ये नोकरी लागली. ईश्वरीला सांभाळायला माझी आई माकणीचं घर आणि दोन म्हशी धाकट्या भावाच्या हवाली करून आमच्याकडे राहायला आली. आणि नेमकं त्याच आठवड्यात सुवर्णानं माझ्या ऑफिसजवळच्या बालवाडीत ईश्वरीचं नाव घातलं.

"पाच दिवस पाठवायचं," सुवर्णा म्हणाली. "दहा ते साडेबारा. रोज गेली तरच रुळेल. एक दिवसाआड पाठवलं तर दर वेळी नव्यानं रडत बसेल."

मला पटलं. मी "बरं" म्हणालो आणि आईला सांगायला स्वयंपाकघरात गेलो. आई ज्वारी निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"अडीच वर्साचं लेकरू शाळंत? मग मला कशाला बोलावलंस? म्हशी सोडून आले म्या."

"रोज अडीच तास तर जायचंय, आई."

"एक दिवस न्हाय."

मी सरकारी कार्यालयात कारकून आहे. आमच्याकडे कुठल्याही अर्जाला सरळ नाही म्हणत नाहीत, आणि हो तर म्हणतच नाहीत. मधला मार्ग काढतात. पाऊण तास घासाघीस करून मी आईला तीन दिवसांवर आणलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार शाळा. मंगळवार आणि गुरुवार नात आजीची.

आता कुणाही शहाण्या माणसानं हे बायकोला जाऊन सांगितलं असतं. मी तिला एवढंच सांगितलं की आई आनंदानं हो म्हणाली. सुवर्णाला वाटत होतं सासूबाई पाच दिवसांना तयार झाल्या, आईला वाटत होतं सून तीन दिवसांवर आली. समोरचीनं आपला मान राखला म्हणून दोघी एकमेकींशी इतक्या गोड वागायला लागल्या की तोंड उघडणं मला पाप वाटायला लागलं. सुवर्णा सकाळी आठलाच घराबाहेर पडायची. मुलीला सोडणं-आणणं माझ्याकडं होतं. प्रश्न फक्त मंगळवार आणि गुरुवारचा होता.

पहिल्या मंगळवारी शाळेची पिशवी गाडीच्या डिकीत लपवली आणि आईला म्हणालो, "साहेबांना ईश्वरीला बघायचंय. ऑफिसात दाखवून आणतो." गुरुवारी म्हणालो, "साहेबांनी परत बोलावलंय." पुढच्या मंगळवारी आईनं विचारलं, "तुझ्या साहेबाला दुसरं काम न्हाय व्हय?"

त्याच दिवशी बालवाडीत कापसाची मेंढी करायला शिकवली. साडेबाराला मुलीला घरी आणलं तर तिच्या दंडाला डिंकानं कापसाचा बोळा चिकटलेला. आईनं तो बघितला. नंतर माझ्याकडं बघितलं.

"बालाजी, हे काय?"

दुसऱ्या कुणाला मेंढी सुचली असती. मेंढी खरी होती! पण खोटं बोलायची सवय नसली की माणूस पहिल्या झटक्याला नको तेवढं मोठं खोटं बोलून बसतो.

"सुई दिली," मी म्हणालो. "दवाखान्यात नेलं होतं."

"कशापायी?"

"असंच. ताकदीची."

"मग परवा कुठं नेणार हायस?"

"परवा पण सुई. कोर्स असतो."

"किती दिवसांचा?"

बालवाडी एप्रिलमध्ये संपते. "एप्रिलपर्यंत," मी म्हणालो.

आई गप्प बसली. माझ्या आईचं गप्प बसणं चांगलं नसतं, हे मला चाळीस वर्षांत कळायला हवं होतं. पण मला वाटलं, मिटलं. महिनाभर मी मंगळवारी आणि गुरुवारी मुलीला राजरोस न्यायला लागलो. आई दर वेळी तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडायची आणि पदर डोळ्याला लावायची. संध्याकाळी मुलीला शेवयाची खीर. मुलीचं वजन वाढलं. आईचं कमी झालं.

तुम्ही म्हणाल, सुनेला एका शब्दानं विचारायचं की नाही? ती तर लॅबमध्येच कामाला! पण आईचा हिशेब वेगळा होता. सून रोज दुसऱ्यांचं रक्त तपासते, तिला स्वतःच्या लेकराचं कळलं नसेल का. ती बोलत नाही म्हणजे दुखणं मोठं आहे, आणि असल्या जखमेवर आपण बोट ठेवू नये. आईनं फक्त माकणीला माझ्या मामाला फोन केला. आणि आमच्या भागात आजारपण फोनवर विचारत नाहीत. त्याला प्रत्यक्ष जाऊन भेटावं लागतं.

त्या गुरुवारी बालवाडीत भाज्यांचा दिवस होता. (हा कसला दिवस, कुणी काढला, मला अजून समजलेलं नाही.) साडेबाराला मी न्यायला गेलो तर माझी मुलगी वांगं झालेली होती. अंगाला जांभळा कागद, डोक्यावर हिरवं देठ, आणि बाईंनी मन लावून तोंडाला, हातांना जांभळा रंग फासलेला. दर मंगळवारी-गुरुवारी मी कोपऱ्यावर थांबून शाळेच्या सगळ्या खुणा उतरवायचो. त्या दिवशी कागद आणि देठ कसंबसं काढलं. रंगाला हात लावला की ती रस्त्यावर लोळण घ्यायची. म्हटलं, आईला सांगू, जांभळं खाल्ली. (डिसेंबर महिना होता.)

घरासमोर जीप उभी होती. बाहेरच्या खोलीत मामा, मामी, दोन मावश्या, चुलत आजोबा आणि मी न ओळखलेली दोन माणसं ओळीनं बसलेली. मधे मोसंब्यांची पिशवी, नारळ आणि बिस्किटांचे पुडे. आणि दारात सुवर्णा उभी होती. शेजारणीनं तिला फोन केला होता, 'तुमच्याकडं लई माणसं जमलीत, लगेच या.'

मामा तिला सांगत होते, "पोरी, धीर सोडू नको. मोठ्या डॉक्टरला दाखवू. सोलापूरला नेऊ."

"कुणाला?" सुवर्णा म्हणाली.

"तुला बी सांगितलं न्हाय व्हय त्यानं?"

इतक्यात मी जांभळ्या मुलीला कडेवर घेऊन आत गेलो.

"आई गं, निळं पडलंय लेकरू," मामींनी हंबरडा फोडला. चुलत आजोबांनी टोपी काढली. एक मावशी म्हणाली, "लई वाळलंय." (साडेचौदा किलोचं लेकरू!) सुवर्णानं माझ्या हातातून मुलीला ओढून घेतलं, तिच्या गालावर बोट घासलं, बोटाकडं बघितलं.

"हा रंग आहे," ती म्हणाली. "शाळेतला."

"मी वांगं," ईश्वरी म्हणाली.

"आज शाळा कुठली?" आई म्हणाली. "आज सुईचा दिवस."

त्यानंतर सगळे माझ्याकडं बघायला लागले आणि मला खरं बोलावं लागलं. मला मनापासून राग आला होता. खोटं मी बोललो, मान्य. पण म्हणून ते इतकं खरं मानायची काय गरज होती? सात माणसांत एकानंही विचारू नये की, बाबा, ही सुई कसली? हे मी बोलूनही दाखवलं. मामा म्हणाले, "गप. पहाटं चारला उठून दूध काढून आलोय आमी."

आई आतल्या खोलीत गेली आणि पिशवीत लुगडी भरायला लागली. तेव्हा मात्र माझा राग पार उतरला.

"आई, चुकलं माझं."

"पाच दिवसाला म्या नको म्हणले असते, खरं हाय," आई म्हणाली. "चार दिवस रुसले असते. पर मला समजावून सांगायचं का न्हाय? महिनाभर देव पाण्यात घालून बसले रे म्या." मला तिच्याकडं बघवेना.

माझ्या मागून सुवर्णा आत आली. तिनं पिशवी घेतली आणि लुगडी पुन्हा कपाटात ठेवायला लागली. "आई, तुम्हीच आनंदानं हो म्हणालात, असं सांगितलं होतं मला यांनी. उद्या मी रजा काढते. आपण दोघी शाळा बघायला जाऊ. तुम्हाला पटेल तेवढे दिवस."

दोघी गेल्या. मला बरोबर नेलं नाही. दोन तासांनी आई परत आली ती बाईंचं कौतुक करतच. गोष्ट सांगायला पोरं कशी गोल बसतात, हात धुवायला रांग कशी लावतात, ईश्वरी कशी रडत नाही. पाच दिवस नक्की झाले. सोडायला आणि आणायला आई जाणार, हेही तिथंच ठरवून आल्या. रिक्षावाला लावून टाकला होता.

आणखी एक गोष्ट दोघींनी तिथं केली. ती मला पंधरा दिवसांनी कळली. आई गावाकडं म्हशी बघायला गेली होती म्हणून मी मुलीला आणायला गेलो. बाईंनी मला फाटकाबाहेरच थांबवलं. मुलाला कुणाकडं सोपवायचं, त्या कागदावरचं माझं नाव खोडलेलं होतं.

"अहो, मी तिचा बाप आहे," मी म्हणालो.

"ओळखते की," बाई म्हणाल्या. "पण विचारावं लागेल." त्यांनी माकणीला फोन लावला. म्हशींच्या हंबरण्यातून आईचा आवाज मला रस्त्यावर ऐकू येत होता.

"काय सांगायलाय ते सगळं ऐकून घ्या बाई. अन मग सूनबाईला फोन करून खरं काय ते इचारा."