तीन हाका, पण केवढ्यानं?

माझे धाकटे दीर कोर्टात पुकारा करतात. दालनाबाहेर उभं राहून पक्षकारांना तीन हाका मारायच्या. तिसऱ्या हाकेलाही कुणी आलं नाही, तर दावा निकालात निघतो. आवाज असा, की सगळे त्यांना 'भोंगा'च म्हणतात. जाऊ म्हणते, "मीठ हळू मागा, नाहीतर शेजारीण घेऊन येईल."

त्या दिवशी फुटपाथवर भाजी विकणाऱ्या बायकांचा दावा होता. त्यांना तिथून उठवण्यावर कोर्टानं दिलेली स्थगिती त्या तारखेपर्यंतच होती. जागा एका निवडून आलेल्या बड्या असामीच्या मेहुण्याला हवी होती, हे सगळ्या कोर्टाला ठाऊक.

सकाळीच मोठ्या कारकुनांनी भावोजींना जिन्यात गाठलं.

"आज घसा सांभाळ."

"घशाला काय झालंय, साहेब?"

"तीन हाका मार, नियमच आहे. केवढ्यानं मारायच्या, हे कुठे लिहिलंय? आणि तुला कायम करायची फाईल माझ्याच टेबलावर आहे, बरं का."

यात खोटं काहीच नव्हतं. बडा वकील जागेवर नसला, की हेच भावोजी त्याला कँटीनपर्यंत शोधत जात. तेही कुठे लिहिलेलं नव्हतं.

यादीत खाली असलेला तो दावा अचानक वर घेतला गेला. वऱ्हांड्यात गर्दी नको म्हणून शिपायांनी बायकांना खाली अंगणात बसवलं होतं. भावोजींनी पहिली हाक मारली, ती दारातच विरली. दुसरी त्यांची त्यांनाही ऐकू आली नाही. आतून कारकुनांनी मान डोलावली.

भावोजी तिसऱ्या हाकेसाठी वळले आणि कठड्याखाली त्यांना त्या बायका दिसल्या. सगळ्या माना वर करून दाराकडेच बघत होत्या.

मग मात्र भोंगा वाजला. बायका जिन्यावरून धावत सुटल्या. एकीच्या चपला हातात होत्या.

"इतका वेळ कुठे होतात?" न्यायाधीशांनी विचारलं.

"हाक आत्ताच आली, साहेब."

न्यायाधीशांनी दाराकडे क्षणभर पाहिलं आणि स्थगिती पुढच्या तारखेपर्यंत वाढवली.

घरी जावेनं सगळं ऐकून घेतलं. "फाईल गेली म्हणायची."

"गेलीच."

"मग पहिल्या दोन हाका का गिळल्यात?"

"तू डोळ्यांसमोर होतीस."

पुढच्या तारखेला दाराशी भावोजी असतील की दुसरंच कुणी, हे त्या बायकांना अजून कुणी सांगितलेलं नाही.