नऊ तास चाळीस मिनिटं

माझे वडील विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या दुकानात कारकून. स्वतः जन्मात विमानात बसले नाहीत, पण कुठून कुठे किती किलोमीटर, किती तास, मध्ये थांबा कुठे, सगळं तोंडपाठ. कोणी 'दहाएक तास लागतात' म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. "दहाएक म्हणजे काय? नऊ चाळीस. थेट विमान, रोज सकाळी." आई चिडवायची, "हे कोपऱ्यावर दूध आणायला निघाले तरी पोचण्याची वेळ सांगून जातात."

हे नऊ चाळीस म्हणजे माझं अंतर. मी नोकरीसाठी सात हजार चारशे किलोमीटरवर जाऊन बसलो होतो.

सोमवारी बाबांचा फोन आला. "आईला दवाखान्यात ठेवलंय. ये."

याआधी दोनदा ती दवाखान्यातून बरी होऊन परत आली होती. बुधवारी मला मोठ्या साहेबांपुढे वर्षभराचं काम मांडायचं होतं. बढती अगदी तोंडाशी आली होती. मी म्हणालो, "बाबा, तिकीटच मिळत नाहीये. गुरुवारचं बघतो." चाळीस वर्षं तिकिटं काढणाऱ्या माणसाला मी ही थाप मारली! मग ते म्हणाले, "बरं. सांभाळून ये."

बुधवारी दुपारी आई गेली. मी तेव्हा भिंतीवरच्या पडद्यावर आकडे दाखवत होतो, आणि लोक माना डोलावत होते.

गुरुवारी घरी पोचलो. बाहेरच्या खोलीत सगळे नातेवाईक बसलेले. आत्या मला जवळ घेऊन रडली आणि बाबांकडे वळली. "दादा, एवढा वेळ लागतो का रे तिकडून यायला?"

"दोन दिवस," बाबा म्हणाले. "दोनदा विमान बदलावं लागतं. पोरगं बसल्या जागेवरून उठून निघालं गं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या माणसाने वीस मिनिटांच्या फरकावरून गिऱ्हाइकांशी वाद घातले, तो माझ्यासाठी सगळ्यांसमोर धडधडीत खोटं बोलत होता, आणि मी निर्लज्जासारखा मान खाली घालून ते ऐकून घेत होतो. बढती मिळाली होती. सांगायची कोणाला?

स्वयंपाकघरात बाबा एकटेच चहाचे कप विसळत होते. मी मागे जाऊन उभा राहिलो. "बाबा, मी..."

"कोणी विचारलं तर तूही दोन दिवसच सांग," ते वळून न बघता म्हणाले. "मंगळवारी एकवीस जागा होत्या. बुधवारी चौदा. मी दुकानात जाऊन बघितलं होतं."

त्यांनी नळ बंद केला.

"तिला सांगितलं होतं, बुधवारच्या विमानाने निघालास म्हणून. सकाळपासून सारखी विचारत होती, कुठवर आला? मी घड्याळ बघून सांगत होतो. शेवटचं विचारलं, तेव्हा तुला उतरायला दोन तास दहा मिनिटं राहिली होती."