धाकटीचा पायगुण

माझी जीभ लांब आहे, हे माहेरीच ठरलेलं होतं. बाप माजरीच्या कोळसा खाणीत कामाला. जेवताना कुणी काही ठासून बोललं की हा माणूस हातातला घास तसाच धरून विचारायचा, "असं तुले काऊन वाटते? आन् तसं नसतं तं काय दिसलं असतं?" शेजारपाजारचे वैतागायचे. आई म्हणायची, याच्या ताटात भात कमी न् प्रश्नच जास्त. मला मात्र ती खोड लागली ती लागलीच.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन मी झाडीपट्टीतल्या एका गावी आले. सासरचं घर तलावाच्या पाळीखालीच, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाला लागून. सासरे गावातल्या आणखी काही घरांसोबत तलावात मासे धरायचे, जोडीला थोडी धानाची शेती. मी आले त्या वर्षी तलाव तुडुंब भरला आणि जाळी फाटतील एवढे मासे लागले. झालं! "मोठीचा पायगुण सोन्याचा," असं सासूबाईंनी गावभर केलं. हंगामाचं पहिलं जाळं पाण्यात पडायच्या आधी पाळीवर जाऊन त्याला हळदकुंकू लावायचा मान दरवर्षी माझाच. खोटं कशाला बोलू, मला तो फार आवडायचा.

सासूबाई स्वतः मात्र पाळीवर कधी येत नसत. खाली चिंचेजवळ टोपली घेऊन उभ्या राहायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "गुडघे दुखते वं." धानाचं पोतं एकटी उचलणारी बाई! पण सासूच्या गुडघ्यांवर वाद कोण घालणार, मी तो विषय सोडून दिला.

काही वर्षांनी दिराचं लग्न झालं. धाकटी जाऊ अहेरीकडची, जंगलातल्या गावची. बोलणं कमी, हसणं जास्त. मला "अक्का" म्हणायची. त्या घरात मला पहिल्यांदाच मैत्रीण मिळाली होती.

त्या भादव्यात आभाळ कित्येक दिवस नुसतं भरून राहिलं. ना पाऊस, ना ऊन, ना वारा. एका सकाळी सासरे पाळीवरून ओरडत खाली आले. रोहू, कतला, सगळे पांढरं पोट वर करून तरंगत होते. सासऱ्यांच्या डोळ्यांत मी त्या दिवशी पहिल्यांदा पाणी पाहिलं.

दुपारपर्यंत गावानं कारणही शोधून काढलं. वैशाखात नवी सून आली, भादव्यात तलाव मेला. तलावाचे वाटेकरी आमच्या अंगणात बसले आणि ठरलं की धाकटीला शनिवारच्या एसटीनं माहेरी पोचवून द्यायचं. पुढच्या वर्षी मासा नीट लागला की आणू म्हणे. अशी पोचवलेली पोरगी परत येतेच असं नाही, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. दीर खाली मान घालून बसला होता आणि धाकटी चुलीजवळ.

माझं डोकंच फिरलं. पण पुरुषांपुढे सुनेनं बोलायची सोय नव्हती. सासूबाईंनी "नाई" म्हटलं तर मात्र सासरे पुढे जात नसत. म्हणजे वाद घालायचा तर त्यांच्याशीच. पुरुष मेलेले मासे काढायला पाळीवर गेले आणि सासूबाई आणि मी अंगणात विळ्या घेऊन मासे चिरायला बसलो, तेव्हा मी सुरू केलं.

"बाई, पलीकडच्या गावचा तलाव बी असाच गेला म्हनते. तिथी तं कोनती नवी सून आली नाई."

"हिची मावशी राह्यते त्या गावात. जेठात गेली होती न भेटाले."

"बरं, मरळ एक बी मेली नाई. पायगुण काय मासा पाहून लागते?"

"मरळ वर येऊन हवा घेते. तिले काय होते?"

"म्हंजे बाकीच्यायले हवा कमी पडली! मंग हे आभाळाचं काम झालं का हिच्या पायाचं?"

सासूबाई जरा अडल्या. मला वाटलं, जिंकले. तर म्हणाल्या, "आन् आभाळ कोनाच्या पायगुणानं आलं?"

घ्या! माझ्या बापानंही हात टेकले असते. मी जे म्हणेन ते सासूबाई धाकटीच्याच अंगावर लोटत होत्या. मग विळी थांबवून त्यांनी मलाच विचारलं, "अवं, पायगुण खोटा असता तं तू आली तवा तलाव कसा भरला?"

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. इतका वेळ मी फांद्या तोडत होते आणि बुंधा माझ्या दारात होता. धाकटीचा वाईट पायगुण माझ्या चांगल्या पायगुणावर उभा होता. तिला वाचवायचं तर आधी मला माझा मान सोडावा लागणार होता. हळदकुंकवाचं ताट, बायकांमधली ती पुढची जागा. जिवावर आलं, नाही कशाला म्हणू? पण चुलीजवळून धाकटीचे हुंदके ऐकू येत होते.

"बाई, मी आली त्या वर्षी पांढरा बैल साप चावून मेला. मामाजी मोहाच्या झाडावरून पडले, हात मोडला. माह्या पोटातलं पह्यलं गेलं, ते बी त्याच वर्षी. ते कोनाच्या पायगुणानं?"

"ते... ते तं होतच राह्यते वं."

"वाईट झालं तं होतच राह्यते, आन् चांगलं झालं तं माह्या पायानं? हिच्या बारीले उलटं काऊन? गाय व्याली, भाऊजीले डेपोत काम लागलं, ते कोनी मोजलं? माह्या पायात काही नाई, बाई. हळदकुंकू दुसऱ्या कोनाले सांगा. पन मंग हिच्या बी पायात काही नाई."

आता माझा उद्धार होणार म्हणून मी खाली मान घालून बसले. पण सासूबाईंच्या हातातला मासा तसाच. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी नवी आली होती न, तवा पाळ फुटली होती. साऱ्यायचं धान वाहून गेलं. लोक म्हने, हिनं पाळीवर पाय ठेवला म्हनून. सासूनं सांगतलं, पुन्हा चढू नोको." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मंग ते बी माह्यानं नव्हतं का वं?"

मला रडूच फुटलं. "नाई बाई. पाळ पाण्यानं फुटली."

त्या उठल्या. हात धुतले, पदर खोचला आणि धाकटीला हाक मारली, "चाल वं." तिचा हात धरून त्या पाळ चढू लागल्या, मी मागोमाग. वर पुरुषांची कामं थांबली. सासरे गुडघाभर पाण्यात तसेच उभे राहिले.

"माही सून कुठी जात नाई," सासूबाई म्हणाल्या. "मी बी पाळीवर उभी आहो. पाहू द्या काय होते ते."

सासरे पुन्हा मासे काढायला वाकले आणि काही झालंही नाही. त्या मात्र पाण्याकडेच पाहत राहिल्या. सारा जन्म त्या तलावाखाली काढलेली ती बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "केवढा मोठा आहे वं!"